गाडी सोडणारे ठराव, गाडी मागणारे ठराव

दिग्रस तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा बसविषयीचा ठराव बहुधा एका पानाचा असतो. वर सभेची तारीख, खाली सूचक आणि अनुमोदक, आणि मधल्या चार ओळींत सगळी मागणी: गावातून इतकी मुले-मुली शाळा-कॉलेजला दिग्रसला जातात, सकाळची गाडी नाही, संध्याकाळची आहे ती भरवशाची नाही, तरी आगारप्रमुखांनी फेरी सुरू करावी. मग सरपंचांची सही आणि ग्रामसेवकाचा शिक्का. सोबत विद्यार्थ्यांची यादी, शाळेचे बोनाफाइड, जमल्यास आमदारांचे शिफारसपत्र. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांच्या झोपण्याची आणि पाण्याची सोय गाव करील, अशी हमीही लिहिलेली असते. हा कागद हातोहात आगारात पोचतो आणि आवक क्रमांक पडलेली त्याची प्रत गावात जपून ठेवली जाते.

यंदाच्या अंकाचा विषय 'वाटण्या' असल्याचे संपादकांनी कळवले, तेव्हा मला घराच्या किंवा शेताच्या वाटणीआधी बसची वाटणी आठवली. सामाईक बससेवेतून एखाद्या शहराने ठराव करून, मतदान करून बाहेर पडायचे, ही गोष्ट आता ठिकठिकाणी घडते आहे. नाशिकने एसटीपासून शहराची बस वेगळी केली. पिंपरी-चिंचवडमध्ये पुण्याबरोबरच्या सामाईक पीएमपीतून बाहेर पडण्याची भाषा अधूनमधून होतेच. अमेरिकेत टेक्सासमधली उपनगरे हा प्रश्न थेट मतपेटीत टाकतात. ज्या गावांना कशातूनही बाहेर पडता येत नाही, ती या सगळ्याकडे कशी पाहत असतील, हे बघायला दिग्रसला गेलो. तिथे ठराव होतात, पण ते गाडी मागण्याचे.

फलाटावर

दिग्रस हे धावंडा नदीकाठचे, कापसाच्या बाजाराचे गाव. उत्तरेला दारव्हा, पूर्वेला आर्णी, खाली पुसद, पश्चिमेला मानोरा. एसटीच्या यवतमाळ विभागातल्या आगारांपैकी एक इथे आहे. रेल्वे नाही. दारव्ह्याहून पुसदकडे जाणारा नॅरोगेजचा एक फाटा होता, तो कधीच उखडला गेला. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा मार्ग दिग्रसवरून जायचा आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण दिग्रसकर अजून रुळांची वाट बघत आहेत. तोवर तालुक्याचे सगळे येणे-जाणे रस्त्यावर आहे.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर स्टँडवर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. पुसदला, यवतमाळला जाणारे येतात, फार तर अर्धा तास उभे राहतात आणि निघून जातात. त्यांची गाडी चुकली तरी मागून दुसरी असते. दुसरे प्रवासी म्हणजे गावांच्या आणि तांड्यांच्या गाड्यांचे. यांना गाडी एकच. दप्तर कठड्यावर ठेवून मुली घोळक्याने बसतात. बाजार करून आलेल्या बाया पिशव्या पायांशी घेऊन वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीकडे बघत राहतात. थोड्या थोड्या वेळाने कोणी तरी उठून विचारते, गाडी लागली का. खिडकीतून उत्तर येते, येऊन राह्यली, बसा.

ती येणार की नाही हे कशावर ठरते, ते त्या खिडकीमागे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आगाराकडे रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी जेवढ्या गाड्या लागतात, तेवढ्या कधी कधी नसतात. एखादी वर्कशॉपमध्ये अडकते, एखादी वाटेत बंद पडते, चालक रजेवर जातो, यात्रेला किंवा मोठ्या सभेला ज्यादा गाड्या काढाव्या लागतात. रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाजाची लाखोंची गर्दी होते, आषाढीला पंढरपूर असते. गाडी कमी पडली की कुठली तरी फेरी रद्द करणे भाग पडते. पुसद किंवा यवतमाळची फेरी रद्द केली तर उत्पन्न बुडते, वरून विचारणा होते, स्टँडवर गलका होतो. खेड्याची फेरी रद्द केली तर चाळीस-पन्नास माणसे गुपचूप काळीपिवळी शोधायला लागतात. नियंत्रक माणूस वाईट नसतो. पण त्याच्या तक्त्यात पहिली काट बसते ती शेवटच्या गावाच्या फेरीवरच.

त्या काटेची किंमत कोण मोजतो, तेही फलाटावर दिसते. मुलाची गाडी चुकली तर तो मित्राच्या मोटरसायकलवर तिघांत बसून जातो. मुलीची चुकली तर बापाला शेतातले काम टाकून यावे लागते. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना हे महिन्यात चार वेळा झाले, की घरात बोलणे निघते की दहावी झाली, पुरे. मुलीचे शिक्षण कुठे थांबले याची नोंद शाळेच्या दाखल्यावर होते, ते का थांबले याची कुठेच होत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून खास शाळेच्या वेळेच्या निळ्या गाड्या दिलेल्या आहेत. या दोन्ही चांगल्या योजना आहेत आणि त्यांनी हजारो मुलींना वर्गात टिकवले आहे. पण पास हातात असून गाडी नसेल, तर त्या पासाचा उपयोग काय?

गाव तिथे एसटी कशी पोचते

ठराव आगारात पोचला म्हणजे गाडी सुरू झाली, असे होत नाही. आधी रस्त्याची पाहणी होते. वळण घ्यायला गावात मोकळी जागा आहे का, पुलाचा कठडा शाबूत आहे का, बाभळीच्या फांद्या टपाला लागतात का, विजेच्या तारा किती खाली आल्या आहेत, पावसाळ्यात नाल्याचे पाणी रस्त्यावर किती वेळ राहते, हे बघितले जाते. अनेक तांडे मुख्य रस्त्यापासून आत, टेकाडाच्या कुशीत आहेत. तिथला रस्ता बैलगाडीच्या हिशेबाने झालेला असतो. गाव फांद्या तोडते, श्रमदानाने मुरूम टाकते, मंदिरापुढची जागा मोकळी करते. सरकारी गाडी आपल्या दारात यावी म्हणून लोक इतके कष्ट घेतात, याचा मला फार आदर वाटतो.

मग येतो आकड्यांचा प्रश्न. एसटीच्या भाषेत त्याला भारमान म्हणतात, गाडीच्या आसनक्षमतेच्या मानाने मिळालेले उत्पन्न. खेड्याच्या फेरीचे दुखणे असे की ती एकाच बाजूने भरते. सकाळी तांड्यावरून दिग्रसला येताना पाय ठेवायला जागा नसते, आणि तीच गाडी आधी दिग्रसहून तांड्यावर जाते तेव्हा तीत जवळजवळ कोणी नसते. जाण्यायेण्याचा मेळ घातला की गच्च भरलेली गाडी कागदावर अर्धी रिकामी ठरते.

गच्च भरलेल्या फेरीतही रोकड किती, हे वाहकाच्या तिकीट मशिनमध्ये बघण्यासारखे असते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धे तिकीट. तांड्याच्या गाडीत शाळेची मुले, बाजारच्या बाया आणि दवाखान्याला निघालेले म्हातारे, हेच प्रवासी असतात. पूर्ण तिकीट काढणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते, आणि ती वेळेवर आली नाही की पगारापासून डिझेलपर्यंत सगळे ताणले जाते. शिवाय तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. तोच प्रवासी, तीच गाडी. सरकार एका हाताने सवलतीचे पैसे देते आणि दुसऱ्या हाताने कर घेते. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी त्याच वर्षी निघालेल्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर आहे.

मग अशा फेऱ्या चालतात कशा? तर एकाची कमाई दुसऱ्याला देऊन. लांब पल्ल्याच्या गाड्या, मोठ्या शहरांमधले वर्दळीचे रस्ते, सणासुदीची गर्दी यांतून येणारा पैसा एकाच खात्यात जातो आणि तिथून पेठ-सुरगाण्याच्या, मेळघाटच्या, दिग्रसच्या तांड्यांच्या फेऱ्या निघतात. एकत्र कुटुंबात शहरात नोकरी करणाऱ्या भावाच्या पगारावर कोरडवाहू शेत कसणाऱ्या भावाचे घर चालते, तसेच हे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचा सगळा डोलारा या एका समजुतीवर उभा आहे. टप्पा वाहतुकीचा हक्क एसटीकडे राखून ठेवला, तो एवढ्यासाठी की कमाईच्या रस्त्यांवरून खासगीवाल्यांनी मलई खाऊ नये आणि तोट्याचे रस्ते सरकारच्या गळ्यात पडू नयेत. या हक्काला प्रत्यक्षात किती भोके पडली आहेत, ते रात्री नऊनंतर पुण्याच्या रस्त्याला लागणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या रांगेवरून कळते.

नाशिकने केले ते

नाशिक शहराची बस कित्येक दशके एसटी चालवत होती. शहर वाढले, गाड्या जुन्या झाल्या, शहर बसमध्ये महामंडळाला तोटा होऊ लागला आणि तो महापालिकेने भरून द्यावा अशी मागणी सुरू झाली. महापालिकेचे म्हणणे, पैसे आम्ही द्यायचे तर कारभारही आमचा हवा. २०१८ मध्ये महासभेत स्वतःच्या बससेवेचा विषय मंजूर झाला, स्वतंत्र कंपनी झाली आणि ८ जुलै २०२१ रोजी 'सिटीलिंक' रस्त्यावर आली. एसटीने शहरातून हळूहळू हात काढून घेतला.

या निर्णयावर सरसकट टीका करणे मला योग्य वाटत नाही. एसटीलाही शहराची बस नकोशी झाली होती. नाशिककरांना नव्या गाड्या मिळाल्या, वेळापत्रक मोबाइलवर दिसू लागले. पण वेगळे झाल्याने तोटा संपला नाही, फक्त तो सोसणारे खाते बदलले. सिटीलिंकची तूट महापालिकेच्या अंदाजपत्रकातून भरावी लागते. वाहक ठेकेदाराचे, त्यामुळे पगार थकला की संप, आणि संप झाला की गाड्या डेपोत, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. एसटीतल्या वाहकाला पगार उशिरा मिळत असेल, पण तो कोणाचा माणूस आहे याबद्दल शंका नसते.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब आणखी पुढची आहे. सिटीलिंक शहराच्या हद्दीबाहेर त्र्यंबकेश्वरला, सिन्नरलाही जाते. प्रवाशाला ते सोयीचे आहे, यात वाद नाही. पण हेच रस्ते एसटीच्या नाशिक जिल्ह्यातल्या आगारांच्या कमाईचे. शहरालगतचा भरलेला पट्टा जितका शहराच्या बसकडे जाईल, तितके दूरच्या आदिवासी पाड्यांच्या फेऱ्यांना टेकू देणारे उत्पन्न घटेल. महासभेत मतदान झाले तेव्हा त्या पाड्यांतला एकही माणूस मतदार नव्हता. शहराने स्वतःचे बघितले आणि तसे करण्याचा त्याला कायदेशीर हक्क होता. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातच परिवहन उपक्रम आणि परिवहन समितीची सोय आहे. दिग्रस नगरपरिषदेने उद्या असा विचार करायचा म्हटले, तर एका गाडीचे डिझेल आणि दोन माणसांचे पगारही तिच्या अंदाजपत्रकाला जड जातील. ज्याच्याकडे मालमत्ता कराचे भरघोस उत्पन्न आहे त्यालाच बाहेर पडण्याचा ठराव परवडतो.

साठ आणि चाळीस

पुण्यातले प्रकरण उलट्या दिशेचे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळ्या होत्या. १९ ऑक्टोबर २००७ रोजी त्या एक होऊन पीएमपीएमएल झाली. तुटीचा भार पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलायचा, असे ठरले. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडची तक्रार एकच: चाळीस टक्के पैसे देतो, त्या मानाने गाड्या मिळत नाहीत, जुन्या गाड्या आमच्या माथी मारल्या जातात, निर्णय पुण्यात होतात. म्हणून वेगळे होण्याची मागणी उठते, शमते, परत उठते.

तक्रारीत तथ्य आहे की नाही हे मार्गवार हिशेब मांडल्याशिवाय ठरणार नाही, आणि नगरसेवकाला तो हिशेब सहज मिळत नाही, हेच मूळ दुखणे आहे. हिंजवडीच्या कंपनीत जाणारी मुलगी हडपसरहून निघते आणि वाटेत दोन्ही महापालिकांच्या हद्दी ओलांडते. तिची गाडी कोणाची? हद्दीवर उतरून दुसऱ्या कंपनीची गाडी पकडावी लागू नये, एवढ्यासाठीच तर २००७ ची जोडणी झाली होती.

याच पीएमपीने मधल्या काळात जिल्ह्यातल्या लांबच्या गावांपर्यंत गाड्या नेल्या होत्या. २०२१-२२ च्या संपात एसटी बंद असताना तर त्यांचाच आधार होता. संप मिटला, एसटीने आपले मार्ग परत मागितले, आणि २०२२ च्या अखेरीस पीएमपीने ग्रामीण भागातले अनेक मार्ग बंद केले. गावकऱ्यांनी विरोध केला. दोन संस्थांनी आपापली हद्द आखून घेतली. गावांनी त्याआधी कुठल्याही ठरावात हात वर केला नव्हता, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

मतपेटीत टाकलेली बस

टेक्सासमधल्या डॅलस शहराने आणि त्याच्याभोवतीच्या गावांनी १९८३ मध्ये मतदान करून एक सामाईक वाहतूक संस्था उभी केली. तिचे नाव डार्ट. सामील झालेल्या प्रत्येक गावाने एक टक्का विक्रीकर तिला द्यायचा, आणि पटले नाही तर ठरावीक वर्षांनी मतदान घेऊन बाहेर पडता येईल, अशी कायद्यात तजवीज. १९८९ मध्ये कॉपेल आणि फ्लॉवर माउंड ही दोन गावे तशी बाहेर पडलीही. अलीकडे प्लेनोसारख्या धनवान उपनगरांची तक्रार पिंपरी-चिंचवडच्या वळणाचीच आहे: आम्ही भरतो जास्त, मिळते कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा काही उपनगरांच्या कौन्सिलांनी बाहेर पडण्याचा प्रश्न पुढच्या मे महिन्यात मतदारांपुढे न्यायचे ठरवले.

मला त्या कायद्यातली दोन कलमे विचार करण्याजोगी वाटतात. बाहेर पडायचे ठरले की त्या गावातली सेवा लगेच थांबते, त्यात अपंगांना दारातून नेणारी गाडीही येते. आणि सेवा थांबली तरी संस्थेच्या कर्जातला त्या गावाचा वाटा फिटेपर्यंत कराचे पैसे द्यावेच लागतात. वेगळे होण्याची किंमत मतदानाआधीच लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडे ती कोणी लिहीत नाही. तरीही मतदार कोण, ही अडचण तिथेही सुटलेली नाही. मतदान करतात ते बहुतेक स्वतःची मोटार चालवणारे, आणि गाडी जाते ती मोटार नसलेल्या मोलकरणीची. ती राहायला शेजारच्या गावात, म्हणून तिला मत नाही.

आपण ज्या घरातून निघालो

विदर्भाला वेगळे होण्याचा विषय नवा नाही. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत जबलपूर-रायपूरच्याच प्रांतात, जुन्या मध्य प्रदेशात, होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. इथल्या रस्त्यांवर तेव्हा नागपूरच्या प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या धावत. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर जी पहिली एसटी निघाली, ती आपली नव्हती, मुंबई राज्याची होती. फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. मराठवाड्यात निजामाच्या राज्यापासून चालत आलेली बससेवा होती. तीही आणि विदर्भातली सेवाही मुंबई राज्याच्या महामंडळात मिसळली आणि महाराष्ट्र झाल्यावर आजची एसटी आकाराला आली.

म्हणजे दिग्रसची बस एका घरातून निघून दुसऱ्या घरात आलेली आहे. त्या पहिल्या घराचे पुढे काय झाले? मध्य प्रदेश सरकारने २००५ मध्ये तोट्याच्या कारणाने आपले परिवहन महामंडळ गुंडाळायचे ठरवले. सरकारी गाडी रस्त्यावरून गेली आणि खासगी मालकांच्या गाड्या आल्या. जिथे कमाई तिथे गाड्यांची स्पर्धा, जिथे नाही तिथे जीप, ट्रॅक्टर किंवा पायी. दोन दशकांनी, २०२५ मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने परत सरकारी देखरेखीखालची बससेवा उभी करण्याची योजना मंजूर केली. मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी करायचे ठरवायला वीस वर्षे लागली आणि मधल्या वीस वर्षांत शाळेत जाणारी एक पिढी मोठी झाली.

मोठ्या महामंडळाचे तुकडे करणे नेहमीच वाईट, असे मात्र नाही. कर्नाटकाने १९९७ मध्ये आपल्या महामंडळातून बंगळूरची आणि वायव्य भागाची, आणि २००० मध्ये ईशान्य भागाची महामंडळे वेगळी काढली. हुबळी आणि कलबुर्गीचे निर्णय तिथेच होऊ लागले. पण तिन्ही संस्था राज्य सरकारच्याच राहिल्या आणि हुबळी-कलबुर्गीच्या संस्थांना शहर आणि खेडी दोन्ही मिळाली. वाटणी करताना कमाईचे आणि तोट्याचे रस्ते दोघांच्याही पदरात पडतील, एवढे पाहिले तर नुकसान कमी होते. श्रीमंत तुकडा कापून न्यायचा आणि उरलेल्याला 'गाव तिथे एसटी' सांभाळायला सांगायचे, तर ते सांभाळले जाणार नाही.

सहा महिने

एसटी नसलेले दिवस दिग्रसने पाहिले आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये आपल्या परिवहन कर्मचाऱ्यांना शासनात घेतले होते, तो दाखला सगळ्यांच्या तोंडी होता. विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल त्यासाठी नेमलेल्या समितीने दिला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. करोनाने आधीच शाळा बंद पाडल्या होत्या. त्या उघडल्या तेव्हा गाडी नव्हती.

त्या काळात काळीपिवळीवाल्यांनी तालुका चालवला, हे मान्य केले पाहिजे. आजही फेरी रद्द झाली की तेच धावून येतात. शिटा भरल्या की गाडी हलते, भरेपर्यंत हलत नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांच्या जागी बरोबर आहे, कारण डिझेल त्यांच्या खिशातून जाते. पण त्या गाडीत पास चालत नाही, अर्धे तिकीट नाही, म्हाताऱ्याला मोफत नाही, आणि अंधार पडल्यावर पोरीला एकटीला बसवायला आईचे मन धजत नाही. मागे लटकून, टपावर बसून केलेल्या प्रवासात अपघात झाला, तर जबाबदार कोण, हेही सांगता येत नाही. संपाच्या सहा महिन्यांत अनेक कुटुंबांनी कर्जावर मोटरसायकल घेतली. ती माणसे एसटीकडे परतली नाहीत, त्यांच्या जाण्याने भारमान आणखी घटले, आणि ज्यांना मोटरसायकल परवडत नव्हती त्यांच्या फेरीवर गदा आली. ठराव, मतदान, घोषणा काहीही न होता गावागावांतून माणसे अशी एकेक करून सामाईक गाडीबाहेर पडत असतात.

मत कोणाचे

निवडणूक आली की दिग्रसच्या आगारातून गाड्या निघतात त्या मतदान पथकांना घेऊन. मतदान यंत्रे, शाईच्या बाटल्या, मतदार याद्या आणि वही सांभाळत बसलेले शिक्षक, सगळे एसटीतून आदल्या दिवशी केंद्रांवर जातात. ज्या गावाला वर्षभर संध्याकाळची गाडी मिळत नाही, त्याही गावात त्या दिवशी एसटी पोचते, रस्ता अरुंद असला तरी पोचते, नाल्यात पाणी असले तरी वाट काढते. म्हणजे रस्ता, गाडी आणि चालक या तिन्हींची अडचण सुटण्यासारखी आहे. गावांनी हे ध्यानात घ्यावे.

गावाच्या मताला एसटीच्या कारभारात आज जागा नाही. संचालक मंडळ शासन नेमते. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती रस्ता बांधतात, त्यावर गाडी चालवायचा निर्णय त्यांचा नाही. आमदारांचे पत्र उपयोगी पडते, पण ते ज्या गावाला मिळते त्याला. १९५० च्या कायद्याच्या १७ व्या कलमात सल्लागार मंडळांची तरतूद आहे, आणि आगाराच्या पातळीवर तिचा वापर करायला काहीही आड येत नाही. तालुक्यातले पाच-सात सरपंच, दोन मुख्याध्यापक, पास काढणाऱ्या मुलींच्या दोन आया आणि वाहकांचा एक प्रतिनिधी महिन्यातून एकदा आगारप्रमुखांसमोर बसले, तर कुठली फेरी दहा मिनिटे पुढे घेतली की तीन गावांची शाळा साधते, हे एका बैठकीत निघेल. वाहकाला हे आज माहीत असते, पण त्याला कोणी विचारत नाही.

तोट्याच्या फेऱ्यांचा हिशेबही वेगळा मांडायला हवा. प्रवाशाच्या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते, तसे शेवटच्या गावाच्या फेरीचे पैसेही फेरी म्हणून द्यावेत. दर किलोमीटरला इतके, आणि फेरी प्रत्यक्ष झाली तरच. मग ती रद्द करण्यात आगाराचा फायदा राहणार नाही. आणि ज्या महापालिकेला बाहेर पडायचे असेल तिने जरूर पडावे, पण आपल्या जाण्याने जिल्ह्यातल्या कुठल्या आगाराचे किती उत्पन्न घटेल, हे आधी जाहीर करावे, त्या आगाराच्या गावांचे म्हणणे ऐकावे आणि काही वर्षे तरी त्यातला वाटा भरावा. डॅलसच्या उपनगरांना वाटा भरण्याचे बंधन आहे, तर आपल्या शहरांना का नसावे?

दिग्रस तालुक्यातल्या सरपंचांना आणि शाळांना माझी विनंती आहे. सुटे ठराव पाठवू नका. एका रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी मिळून एकच ठराव करा. रद्द झालेल्या फेरीची तारीख आणि वेळ शाळेत एका वहीत रोज लिहून ठेवा आणि तिची नक्कल ठरावाला जोडा. सल्लागार मंडळाची मागणी त्यातच घाला. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि वेळापत्रक त्याआधी ठरते, म्हणून हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत झाला पाहिजे.